खाण उघडण्यापूर्वीची अनामत

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील टेकड्यांमधून दरसाल किती ब्रास दगड आणि किती मुरूम बाहेर पडतो, याचा हिशेब महसूल खाते ठेवते, कारण त्यातील प्रत्येक ब्रासमागे सरकारास स्वामित्वधन मिळावयाचे असते. परंतु तो दगड जेथून निघाला तेथे मागे उरलेल्या खड्ड्याचा हिशेब कोणी ठेवावा, तो खड्डा कोणाच्या नावावर चढवावा, आणि परवान्याची मुदत संपून खाणवाल्याची यंत्रे दुसऱ्या डोंगराकडे रवाना झाल्यावर त्या उघड्या कड्याखाली राहणाऱ्या वाडीने आपली कैफियत कोणत्या दफ्तरात मांडावी, या प्रश्नांना आपल्या कारभारात अद्याप निश्चित जागा मिळालेली नाही. ती जागा आता, नव्या बांधकामाची लाट या दोन तालुक्यांवर पुरती येऊन आदळण्यापूर्वी, निर्माण केली पाहिजे, असे माझे मत आहे; आणि ते मत मांडताना मी वाचकांस काही काळ पृथ्वीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, उत्तर कॅनडातील हिऱ्यांच्या खाणींपर्यंत नेणार आहे, कारण जे आपण अजून शिकलो नाही ते त्या निर्जन मुलखाने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतले आहे.

घाईचे कारण उघड आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्राकरिता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. त्याच वर्षाच्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उलव्याचा डोंगर कापून सपाट केलेल्या भूमीवर नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यास लोक तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत त्या नगराचा एक पाय अशा रीतीने पेण तालुक्यात पडलाच आहे. नगर उभे राहावयाचे तर खडी हवी, रस्त्यांना डबर हवा, खाजणात भराव घालावयास मुरूम हवा, आणि हे सर्व जड द्रव्य लांबून आणणे परवडत नसल्याने ते जवळच्याच डोंगरांतून काढले जाणार, हे सांगावयास ज्योतिष्याची गरज नाही. पनवेलच्या आसपासच्या टेकड्यांचे काय झाले हे महामार्गाने जाणारा कोणीही प्रवासी पाहू शकतो. त्यांच्या मागची रांग पेणची आणि त्यामागची रोह्याची आहे.

या मागणीत आता आणखी एका कारणाची भर पडली आहे. नद्यांतील व खाड्यांतील वाळूचा बेसुमार उपसा थांबावा म्हणून शासनाने २०२५ साली कृत्रिम वाळूचे धोरण अंगीकारले आणि अशी वाळू तयार करणाऱ्यांना ब्रासमागे ६०० रुपयांऐवजी २०० रुपये इतकेच स्वामित्वधन आकारण्याची सवलत दिली. धोरणाचा हेतू स्तुत्य आहे, आणि ज्यांनी सावित्री, कुंडलिका, अंबा या नद्यांच्या मुखांशी वाळूचा उपसा चाललेला पाहिला आहे ते त्याचे स्वागतच करतील. तथापि कृत्रिम वाळू म्हणजे दळलेला काळा पत्थर, आणि काळा पत्थर म्हणजे डोंगर. नदीच्या खांद्यावरचे ओझे उतरवून ते डोंगराच्या माथ्यावर ठेवताना डोंगराची काय तजवीज केली, हे विचारण्याचा अधिकार त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना असलाच पाहिजे.

या भागातील एखादी जुनी, सोडून दिलेली दगडखाण ज्याने जवळून पाहिली असेल त्यास मी काय म्हणतो ते निराळे समजावून सांगावे लागणार नाही. टेकडीचा अर्धा भाग सरळ उभा कापलेला असतो आणि त्या काळ्या भिंतीवर सुरुंगासाठी पाडलेल्या छिद्रांच्या अर्धगोल पन्हळी वरपासून खालपर्यंत एकाशेजारी एक दिसत राहतात. कड्याच्या ओठावर तांबड्या मातीचा हात-दीड हात जाडीचा थर लोंबत असतो आणि त्यातून ऐन-किंजळीची मुळे हवेत बाहेर आलेली असतात. तळाशी पावसाचे पाणी साचून त्यावर हिरवट साय धरलेली असते, कडेला कुंपण नसते, आणि त्याच पाण्यावर वाडीतील बायका कपडे धुतात व पोरे गळ टाकून बसतात, कारण टेकडीच्या ज्या भेगांतून पूर्वी वाडीच्या झऱ्याला पाणी यायचे त्या भेगाच आता राहिलेल्या नसतात. बेसॉल्टच्या या डोंगरांत पाणी साठते ते दगडाच्या सांध्यांत आणि वरच्या मुरमाड थरात. तो थर खरवडला की पावसाळ्यात पाणी धावत सुटते आणि फाल्गुनात विहिरीचा तळ दिसू लागतो. चालू खाणीचे उपद्रव निराळे असतात. भातकापणीनंतर नुसत्या ओलीवर येणारा वाल हे या भागाचे हिवाळी पीक. ज्या वालाच्या शेंगांची पोपटी लावण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे थंडीत येथे येतात, त्या वालाच्या फुलावर क्रशरची पिठासारखी भुकटी बसली म्हणजे शेंग धरत नाही, आणि आंब्याच्या मोहोराचेही तसेच होते, असे शेतकरी सांगतात. या नुकसानीचा पंचनामा करण्यास तलाठी येतो तो बहुधा अवकाळी पावसानंतर. धुळीनंतर येत नाही.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळ तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर जी दरड कोसळली, ती अतिवृष्टीने कोसळली. तिचे खापर दगडखाणीवर फोडणे सत्यास धरून होणार नाही. परंतु ज्या जिल्ह्याचे डोंगर कोणी सुरुंग न लावताही एका रात्रीत खाली येतात, त्या जिल्ह्यात डोंगराचा पाय कापण्यापूर्वी दसपट विचार करावा, एवढा बोध त्या दोन दुःखद घटनांतून निश्चितच निघतो.

आता उत्तरेकडे वळू. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात येलोनाइफ या नगराच्या हद्दीत जायंट नावाची सोन्याची खाण १९४८ पासून २००४ पर्यंत चालली. तेथील सोने ज्या खनिजात अडकलेले होते ते भाजून सोने मोकळे करीत, आणि त्या भाजणीतून निघणारी सोमलाची विषारी भुकटी खाणीच्याच जुन्या पोकळ्यांत कोंडून ठेवीत. अशी २,३७,००० टन भुकटी आज त्या भूमीखाली आहे. १९९९ साली खाणीच्या मालक कंपनीचे दिवाळे निघाले आणि ते विष सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या, पदरात पडले. त्या ठिकाणची जमीन बर्फासारखी गोठवून ते विष कायमचे जागच्या जागी अडकवून ठेवण्याचा उपाय योजण्यात आला असून त्यासह संपूर्ण सफाईचा खर्च २०२२ च्या अंदाजानुसार ४०० कोटी डॉलरांच्या वर गेला आहे. सोने ज्यांनी नेले त्यांनी नेले. डेने नावाच्या तेथील मूळ रहिवाशांच्या वाट्यास मात्र ज्या सरोवराचे पाणी त्यांचे पूर्वज निःशंकपणे पीत आले त्याच्याविषयीची कायमची धास्ती आली.

जायंट खाण अजून चालू असतानाच १९९१ साली त्याच प्रदेशातील उजाड टुंड्रात, जेथे वर्षाचे आठ महिने हिवाळा असतो आणि जेथवर जड सामान न्यावयाचे तर गोठलेल्या सरोवरांवरून केवळ दोनएक महिने चालणाऱ्या बर्फाच्या रस्त्याखेरीज दुसरा खुष्कीचा मार्ग नाही, तेथे हिरे सापडले. १९९८ मध्ये एकाटी ही कॅनडातील पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली आणि २००३ मध्ये लाक द ग्रा या सरोवरातील बेटावर डायव्हिक सुरू झाली. सरोवराच्या तळाखाली असलेला हिरकयुक्त दगड काढण्यासाठी तेथे सरोवरात बंधारे घालून आतले पाणी उपसावे लागले. त्या हिऱ्यांचा आपल्याशी मुळीच संबंध नाही असे समजू नये. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेस आणि त्यांचा मोठा व्यवहार होतो तो वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात. आणि हिऱ्याची खाण हा विषय महाराष्ट्रास सर्वस्वी परका नाही हे गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडचा इतिहास सांगतो, ज्याच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आइन-ए-अकबरीत आहे.

परंतु माझा मुद्दा हिऱ्याचा नाही. त्या खाणी कोणत्या शर्तींवर उघडल्या, हा आहे. पहिली शर्त अशी की खाण बंद कशी करणार, बंधारे फोडून सरोवराचे पाणी पुन्हा आत केव्हा व कोणत्या शुद्धतेने घेणार, दगडांच्या राशींना कोणता उतार देणार, याचा आराखडा खाण सुरू होण्यापूर्वीच सादर करावयाचा आणि त्या कामाच्या खर्चाची अनामत सरकारजवळ आधी ठेवावयाची. खाण जशी वाढेल तशी ती अनामतही वाढवावयाची, आणि कंपनीने जेवढे काम प्रत्यक्ष पुरे केले असेल तेवढीच सोडावयाची. दुसरी शर्त अशी की देखरेखीचे काम केवळ सरकारी निरीक्षकावर सोपवावयाचे नाही. एकाटीकरिता १९९७ च्या करारान्वये एक स्वतंत्र देखरेख मंडळ स्थापन झाले, ज्याचे सदस्य नेमण्यात तेथील मूळ रहिवाशांच्या संस्थांचा वाटा होता. डायव्हिकसाठीही २००० सालच्या करारानुसार त्लिचो, डेने, इनुइट आणि मेटी समाजांचे प्रतिनिधी बसतील असे सल्लागार मंडळ निर्माण झाले. तिसरी शर्त, त्या समाजांशी कंपनीने स्वतंत्र करारनामे करून नोकऱ्या, कंत्राटे आणि मोबदला यांची हमी द्यावयाची. या साऱ्याच्या मागे आणखी जुनी एक परंपरा उभी होती. १९७४ ते १९७७ या काळात न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांनी मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या नियोजित वायुवाहिनीची चौकशी केली तेव्हा ते पस्तीस लहानमोठ्या वस्त्यांत स्वतः गेले, शिकारी आणि मच्छीमार यांच्या साक्षी त्यांच्या त्यांच्या भाषेत ऐकल्या, आणि मूळ रहिवाशांच्या हक्कांचा निवाडा होईपर्यंत दहा वर्षे काम तहकूब ठेवावे अशी शिफारस केली.

त्या खाणी निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही, आणि कंपन्यांच्या चकचकीत अहवालांवरून तसे कोणी म्हणू लागल्यास त्याने एक आकडा लक्षात घ्यावा. ज्या बाथर्स्ट कळपातील कॅरिबू हरिणांवर तेथील लोकांचे अन्न, वस्त्र आणि गाणी यांचा आधार होता त्या कळपाची संख्या १९८६ च्या सुमारास साडेचार लाखांहून अधिक होती, ती २०१८ च्या मोजणीत आठ हजारांच्या आसपास उतरली. या ऱ्हासाची कारणे अनेक सांगितली जातात आणि त्यांतील खाणींचा वाटा किती याबद्दल वाद आहे. परंतु खाणींचे रस्ते त्या हरिणांच्या वाटांना छेदून जातात ही गोष्ट वादातीत आहे. २०१५ च्या डिसेंबरात स्नॅप लेक नावाची खाण मुदतीपूर्वीच एकाएकी थांबवण्यात आली आणि शेकडो कामगार घरी बसले. जमिनीतून एकदा काढलेला हिरा पुन्हा उगवत नाही; त्या अर्थाने कोणतीही खाण चिरंतन असू शकत नाही. आपण अपेक्षा करावयाची ती इतकीच, की खाण संपल्यावर तेथील माणसांना, पाण्याला आणि जमिनीला पुढचे जीवन उरावे, आणि त्याचा खर्च ज्याने नफा घेतला त्याने द्यावा. डायव्हिक चालवणाऱ्या कंपनीने उत्पादन २०२६ मध्ये थांबणार हे काही वर्षे आधी जाहीर केले, आणि बंद करण्याच्या कामाची आखणी उत्पादन चालू असतानाच पुढे नेली, ती या शर्तींमुळेच.

इतक्या दूरच्या उदाहरणाची गरज काय, असे कोणी विचारील. घरातील उदाहरणही आहे, आणि ते अधिक कडू आहे. गोव्यात लोहखनिजाचा उपसा कोणत्या थरास गेला होता ते न्यायमूर्ती शहा आयोगाच्या २०१२ सालच्या अहवालाने उघड केले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तेथील खाणकाम थांबवले, २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द ठरले. निर्णय योग्य होते. परंतु ते आले तेव्हा डिचोली-सांग्याच्या भातखाचरांत खाणीचा गाळ बसून चुकला होता, आणि त्यानंतर खाणीवर पोट असलेल्या हजारो ट्रकमालकांच्या व मजुरांच्या घरी जी उपासमार आली तिचीही तरतूद कोणी करून ठेवली नव्हती. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून साठलेले पाणी व चिखल लोकांच्या घरांत आणि बागांत शिरला. खाणीत पावसाचे पाणी साठणार आणि ते पाणी कधीतरी वाट शोधणार, ही गोष्ट कोकणात राहणाऱ्या मुलासही कळते; ती आराखड्यात मात्र वेळीच कळली नाही.

आता कायद्याची स्थिती पाहू, कारण खरी गोम तेथे आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने खनिजांचे दोन वर्ग केले: लोखंड, बॉक्साइट यांसारखी प्रमुख खनिजे केंद्राच्या नियमांखाली, आणि दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे राज्यांच्या नियमांखाली. प्रमुख खनिजांच्या पट्टेदारास २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे खाण बंद करण्याच्या कामासाठी आर्थिक हमी द्यावी लागते आणि यांत्रिक पद्धतीने चालणाऱ्या मोठ्या खाणीकरिता तिचा दर हेक्टरी ५ लाख रुपये आहे. दगडखाणीस हा केंद्रीय नियम लागू नाही. जणू डोंगर बॉक्साइटसाठी खणला तरच खड्डा पडतो! बेकायदा उत्खनन करणाऱ्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो अनेकदा होतोही. परंतु तो दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, खड्डा जेथल्या तेथे राहतो. १९५७ च्या कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली व बाधित गावांसाठी निधी उभा राहू लागला हे चांगलेच झाले, तथापि प्रतिष्ठानच्या पैशातून शाळेची खोली बांधली म्हणून खाणवाल्याची स्वतःच्या खड्ड्याविषयीची जबाबदारी संपली असे होत नाही.

संमतीच्या बाबतीत तर परिस्थिती याहूनही विषम आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. परंतु पाच हेक्टरांपर्यंतच्या एकट्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागत नाही. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. म्हणून नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या डोंगरातील गावास आपले म्हणणे कायद्याच्या बळाने मांडता येते. रायगड जिल्ह्यात मात्र अनुसूचित क्षेत्र नाही. पेण आणि रोह्याच्या डोंगरउतारांवर कातकरी व ठाकूर यांच्या वाड्या आहेत, कातकरी तर शासनाने विशेष दुर्बल गणलेली जमात आहे, त्यांतील कित्येक वाड्यांखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. तरीही वाडीच्या डोक्यावरचा डोंगर कापण्यास परवानगी देताना तिचे मत विचारणे या कायद्याने येथे बंधनकारक नाही. ज्याच्या नावाने सात-बारा आहे तो जमीनमालक आणि ज्याच्या नावाने परवाना आहे तो खाणवाला हे दोघेच व्यवहाराचे पक्षकार. हादऱ्याने ज्याच्या कुडाच्या भिंतीचे लिंपण पडते तो तिसरा माणूस कागदावर नाहीच. त्लिचो लोकांनी २००५ मध्ये अंमलात आलेल्या करारान्वये एकोणचाळीस हजार चौरस किलोमीटर भूमीवर आपले स्वामित्व मान्य करून घेतले. आमच्या कातकऱ्याने आपल्या घराखालच्या एका गुंठ्यासाठी किती खेटे घालावयाचे?

आणि ज्या तत्त्वाची मी मागणी करीत आहे ते परदेशातून आणण्याचीही आवश्यकता नाही. पेणचा खारेपाट समुद्रातून माणसांनी मिळवलेला आहे. खाजणाला बांध घालून, उघाड्या बसवून, खारे पाणी बाहेर आणि गोडे पाणी आत ठेवून जी भातशेती येथे उभी राहिली, तिच्यासाठी या भागात शिलोत्री नावाची वहिवाट होती: ज्याने खर्च करून खार बांधली त्या शिलोत्रदारास जमिनीचे हक्क व सवलती मिळत, परंतु त्याबरोबरच बाहेरकाठा, म्हणजे समुद्राच्या तोंडचा मुख्य बांध, सुस्थितीत राखण्याची जबाबदारीही त्याच्यावर येई, आणि त्या दुरुस्तीकरिता कुळांकडून बिघ्यामागे ठराविक भात वेगळे घेतले जाई. उधाणात बांधाला खांड गेली तर घरटी माणूस बांधावर जाई. जोळ म्हणून ती पद्धत जुन्या माणसांच्या आठवणीत अजून आहे. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे नाही, खोतीने पिळलेल्या कुळांनी चरीच्या संपात जे सांगितले ते इतिहासास ठाऊक आहे. पण हक्क आणि दुरुस्ती यांची गाठ बांधलेली होती. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर व पुढे १९७९ च्या कायद्यानंतर हे काम सरकारी मंडळाकडे गेले, गाठ सुटली, आणि आज कित्येक ठिकाणी बांध फुटून पिकती शेते कांदळवनाखाली गेलेली दिसतात. खाडीच्या तळातून संक्शन पंपाने वाळू ओढली म्हणजे काठ खचतो आणि त्याचा ताण याच बांधांवर येतो. मुंबई उच्च न्यायालयास २०१० साली वाळू उपशावर बंदी घालावी लागली, तीही गावाच्या किंवा खात्याच्या पुढाकाराने नव्हे, तर एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर.

खाणवाल्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. यांपैकी पुष्कळजण मोठ्या कंपन्या नसून याच भागातील शेतकऱ्यांची मुले आहेत; कर्ज काढून डंपर घेतलेले, क्रशरवर वीसपंचवीस माणसे पोसणारे. अनामतीचा बोजा त्यांच्यावर टाकल्यास लहान माणूस धंद्यातून उठेल आणि खडी महाग होऊन गरिबाचे घरही महागेल, असे ते म्हणतात. या आक्षेपाचे उत्तर भावनेने देण्यापेक्षा हिशेबाने देणे बरे. पाच हेक्टरांची खाण घ्या आणि उदाहरणादाखल ती सरासरी वीस मीटर खोल गेली असे धरा. त्यातून दहा लाख घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन लाख ब्रास दगड निघेल. ब्रासमागे ६०० रुपये धरल्यास सरकारचे स्वामित्वधनच २१ कोटींच्या घरात जाते. प्रमुख खनिजांना लागू असलेला हेक्टरी ५ लाखांचा दर या खाणीस लावला तर हमीची रक्कम होते २५ लाख, म्हणजे स्वामित्वधनाच्या शेकडा सव्वाहूनही कमी. आणि कड्याला पायऱ्या पाडणे, कुंपण घालणे, बाजूस काढून ठेवलेली माती पुन्हा पसरणे, झाडे लावून ती तीन-चार पावसाळे जगवणे, या कामांस ती बहुधा पुरणारही नाही. तेव्हा ब्रासमागे २० रुपये अनामत धरावी. ती एकरकमी न घेता प्रत्येक वाहतूक परवान्याबरोबर, दगड जसा निघेल तशी, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वतंत्र खात्यात त्या त्या खाणीच्या नावे जमा करावी. पूर्ण खाणीची मिळून ती सत्तर लाखांच्या आसपास होईल. एका डंपरमागे हा भार इतका थोडा आहे की घराच्या किमतीत तो शोधूनही सापडणार नाही, आणि लहान खाणवाल्यास आगाऊ भांडवलही गुंतवावे लागणार नाही. काम नीट केले त्यास ती रक्कम व्याजासह परत मिळावी. जो सोडून गेला त्याच्या रकमेतून ते काम ग्रामपंचायतीने करून घ्यावे, आणि कृत्रिम वाळूच्या कारखान्यांना स्वामित्वधनात जी ४०० रुपयांची सूट मिळाली आहे तिला ही अनामत पहिली अट म्हणून जोडावी.

देखरेखीसाठी नवे खाते नको. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरते, प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, एक मंडळ पुरे होईल: त्यात खाणीखालच्या वाड्यांनी आपल्या सभेत निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत कातकरी वाडीची एक तरी स्त्री असावी, कारण झरा कोणत्या महिन्यात आटला हे तिच्याइतके कोणासच ठाऊक नसते, एक भूगर्भशास्त्र जाणणारा प्राध्यापक असावा, खाणवाल्यांचाही एक प्रतिनिधी असावा. मंडळाने वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येक खाणीची पाहणी करून विहिरींची पातळी, भिंतींच्या भेगा आणि कड्याची स्थिती मराठीत लिहून चावडीवर लावावी, आणि मंडळाच्या सहीशिवाय अनामतीचा एक रुपयाही सुटू नये. राज्याने अशी दुरुस्ती गौण खनिजांच्या २०१३ च्या नियमांत करावी हे उत्तम. परंतु तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी नवीन पट्टा देताना वा जुन्याची मुदत वाढवताना ती करारनाम्यातील अट म्हणून घालावी, आणि नवनगर प्राधिकरणाने आपल्या प्रत्येक कंत्राटदाराकडून खडीच्या पावतीबरोबर ती कोणत्या खाणीतून आली व त्या खाणीची अनामत भरली आहे काय, याचा दाखला मागण्यास पहिल्या निविदेपासूनच आरंभ करावा.